मयत व वारस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. माळकोंड.

पोचलो एकदाचा! रत्नागिरीहून दीडची एसटी पावणेतीनला सुटली. कंडक्टरने माझ्या दोन बॅगांकडे बघून कायमचे निघालात काय, असं विचारलं. मी छाती फुगवून हो म्हणालो. डोंबिवलीत बावीस वर्षं विमा कंपनीत बसून लोकांच्या मरणाचे कागद तपासले, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली. बायकामुलांचा व्याप कधी केलाच नाही, त्यामुळे निरोप घ्यायलाही कुणी नव्हतं.

घर झकास आहे. आजोबांनी पंच्याऐंशी साली बांधलेलं, चिऱ्याचं, समोर ऐसपैस पडवी. चिमा नावाची बाई झाडलोट आणि स्वयंपाक करते, तिने सकाळीच घर लख्ख करून ठेवलं होतं. मागे हापूसची चाळीस कलमं. ती काशीराम बघतो. साठीचा काटक माणूस, बोलतो कमी. दोन कलमांना मोहोर फुटू लागलाय, तो त्याने मला हात लावून दाखवला. रात्री तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. बाबा असते तर काय खूश झाले असते.

जेवण झाल्यावर सातबारा काढून वाचला. तो मला पाठ आहे, तरी वाचला. वर माझं नाव, यज्ञेश वासुदेव आठल्ये. खाली मालिनी हरिहर आठल्ये, म्हणजे माझी आत्या. आजोबांनंतर निम्मं बाबांचं, निम्मं तिचं, आणि वाटप कधीच झालं नाही. दोन हजार एकोणीसला बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. अर्धी बाग विकली असती तर उपचार झाले असते. सामाईक जमीन, तिची सही हवी होती. बाईने सही केली नाही. आठ महिन्यांत बाबा गेले. त्यांना अग्नी देताना मी मनात ठरवलं की आता हिची सही नको, हिचं नावच नको.

तरी ऑगस्टमध्ये एक संधी दिली. ती गुहागरला भाड्याच्या खोलीत राहते, निवृत्त शिक्षिका, हे गावात कुणालाच ठाऊक नाही. हक्कसोडपत्र कर म्हणून सांगितलं. सुपारी सोलता सोलता ती म्हणाली, त्या घरात आता माझं फक्त नाव राहतं, त्याला मी बाहेर काढणार नाही. वर चहासुद्धा विचारला तिने, निर्लज्जपणे.

तिचा मृत्यूचा दाखला माझ्या बॅगेत आहे. २८ ऑक्टोबर, मुंबईतलं रुग्णालय. तो कसा मिळवला ते मी या वहीतही लिहिणार नाही. बावीस वर्षं खोटे दाखले पकडले, म्हणजे खरा कसा दिसतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

६ नोव्हेंबर, गुरुवार

तलाठी ऑफिसात जाऊन आलो. शाळेशेजारच्या एका खोलीत सानिका मॅडम बसतात. तरुण आहेत, हुशार आहेत, आणि समजावून सांगायची त्यांना हौस आहे. जमिनीवरचं नाव दोनच वाटांनी हलतं म्हणाल्या. एक वाट दस्ताची. खरेदीखत असो, बक्षीसपत्र असो की हक्कसोड, ते दुय्यम निबंधकांपुढे नोंदवायचं आणि देणारा माणूस तिथे जिवंत हजर पाहिजे, फोटो आणि अंगठ्यासकट. दुसरी वाट मरणाची. तिथे मरण हाच दस्त. माणूस गेला त्या क्षणी हक्क वारसाकडे जातो, कागद नुसता मागून चालत येतो.

मला ही दुसरी वाट फार आवडली.

आत्या अविवाहित, मूलबाळ नाही, आईबाप आणि भाऊ गेलेले. भावाचा एकुलता मुलगा मी. मॅडमनी दाखला पाहिला, माझं प्रतिज्ञापत्र घेतलं. आता दोन पंचांचा जबाब हवा, की मयत बाई गेल्या हे आम्हांस माहीत आहे व त्यांना दुसरा वारस नाही. मग नोंद घालायची, चावडीवर नोटीस लावायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर करायची. पंच म्हणून काशीरामचं नाव मीच सुचवलं. दुसरा त्याचा चुलतभाऊ.

इथे घोडं अडलं. काशीराम म्हणतो, जबाब देणार नाही. दाखला दाखवला तर त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बाराव्याचा जेवान जेवलाव न्हाय, मंग मालूताय मेली ह्या आमी कशावरनं म्हनायचा?" एवढं बोलून बागेच्या दगडी गडग्यावरचं रान काढत बसला. चिमाने मला नंतर सांगितलं की या वाडीची रीतच तशी. बारावं जेवल्याशिवाय इथे कुणी कुणाला मेलेलं म्हणत नाही, आणि जेवल्यावर जिवंत म्हणत नाही.

हात्तिच्या! एवढंच ना? घालू जेवायला.

८ नोव्हेंबर, शनिवार

२८ तारखेपासून मोजलं तर आज बारावा दिवस. बारावं झालं! भटजी बोलावला नाही, तो नको ते विचारत बसला असता. पडवीत आणि अंगणात मिळून छत्तीस पानं उठली. वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबार, भात, खीर. चिमाने आणि वाडीतल्या चार बायकांनी पहाटेपासून रांधलं. गडग्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं, तर मी मागे वळायच्या आत कावळा शिवला. गुहागरला बाई बहुधा सुपारी सोलत बसली असेल आणि इथे मी तिच्या नावाने वडे वाढतोय. खोटं कशाला बोलू, मनातून गुदगुल्या होत होत्या.

काशीराम तीन वेळा भात घेऊन जेवला. हात धुऊन आला आणि म्हणाला, आता जबाब देतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोघांचे जबाब झाले. नोंद पडली. चावडीवर नोटीस डकवली, मी स्वतः जाऊन वाचली. मयत: मालिनी हरिहर आठल्ये. वारस: यज्ञेश वासुदेव आठल्ये, नाते भाचा. आता पंधरा दिवस कळ काढायची.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकही हरकत नाही. दुपारी मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. तिचं नाव कमी झालं!

पेढे आणले. बाबांच्या फोटोपुढे ठेवले आणि लहान मुलासारखा रडलो. सहा वर्षांचा काटा निघाला. म्हातारी उद्या खरंच मेली तरी मला सुतक नाही, कारण माझ्या लेखी ती संपलेली आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आली आहे.

आपलं नाव कमी झाल्याचं तिने मोबाईलवर सातबाऱ्यात पाहिलं म्हणे, आणि साडेअकराच्या एसटीने आली. हातात कापडी पिशवी आणि छत्री. आधी घरी नाही आली, आधी काशीरामकडे गेली. तिथे कोरा चहा प्यायली आणि अर्धी वाडी मागे घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढून वर आली. मी पडवीत पेपर वाचत होतो. माझ्या हातून पेपर गळला.

मला वाटलं, आता पोलीस येणार. पण ती ओरडली नाही, रडली नाही. झोपाळ्यावर बसली, पाणी मागितलं, आणि काशीरामला सगळ्यांदेखत विचारलं, माझं बारावं जेवलास का? तो मान खाली घालून हो म्हणाला. पोटभर? तोही हो म्हणाला. मग ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे या घरातलं कोणीतरी मेलंय. मी तर ही बसले आहे."

 मी हसून काहीतरी सारवासारव केली, माझी फसवणूक झाली, रुग्णालयाची चूक, वगैरे. माझं बोलणं संपेपर्यंत सगळे कलमांकडे बघत होते. मग चिमा आत गेली आणि मधल्या खोलीतलं माझं अंथरूण गोळा करून पडवीत आणून ठेवलं. मधली खोली मालूताईंची, असं म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

आत्या सकाळी माझ्याशी बोलली. फार हळू बोलते, शाळेत फळ्यावर लिहून दिल्यासारखं. मी आजवर ऐकली नव्हती ती बाजू तिने सांगितली. एकोणनव्वद साली बाबांनी तिला घराबाहेर काढलं, कारण ती वाटणी मागत होती. पुढे आजी वारली तेव्हा ती धावत आली, तर त्यांनी आतून कडी घातली. आईचं तोंडसुद्धा तिला पाहू दिलं नाही. अंगणातून परत गेली. म्हणून तिने सही केली नाही. माझा बाप मरावा म्हणून केली नाहीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, होय, मरावा म्हणूनच.

आणि मग म्हणाली की तिला माझ्या मरणात रस नाही. मी वाडीपुढे आणि मॅडमपुढे कबूल करायचं, दाखला खोटा, बारावं खोटं, मी खोटा. तेवढं केलं की ती अर्ज करणार नाही. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

कसला अर्ज ते सांगितलं नाही. मी म्हणालो, ज्या बाईने माझ्या बापाला मारलं तिच्यापुढे मान तुकवण्यापेक्षा तुरुंगात जाईन. ती म्हणाली, तुरुंगात जिवंत माणसं जातात.

२ डिसेंबर, मंगळवार

चावडीवर नवी नोटीस आहे. तीनदा वाचली.

महसुलाच्या कायद्यात एकशे पंचावन्न नावाचं कलम आहे. लिहिताना झालेली चूक तहसीलदार दुरुस्त करू शकतात. बाईने त्याखाली अर्ज दिला आहे. माझ्याविरुद्ध तक्रार नाही, फसवणुकीचा शब्द नाही. एवढंच लिहिलंय की नोंद घालताना मयत व वारस या दोन नावांची अनवधानाने अदलाबदल झाली आहे, ती दुरुस्त व्हावी. मयत: यज्ञेश वासुदेव आठल्ये. वारस: मालिनी हरिहर आठल्ये, नाते आत्या. सुनावणी ११ डिसेंबर, सकाळी अकरा, चावडीत.

आधी हसू आलं. मग घरी येऊन विचार केला आणि हसू गेलं. मला बायको नाही, मूल नाही, आईबाप नाहीत. मी गेलो तर कायद्याने उरते ती आत्याच. तिचा वारस एकटा मी, माझी वारस एकटी ती. आणि सगळंच किती सोयीचं! ती जिवंत म्हटली की पंचांचा जबाब खोटा, मॅडमची नोंद खोटी, छत्तीस पानं खोटी, सगळ्यांच्या मागे चौकशी. पण दोन नावं उलटी केली की सगळं खरं. तेच पंच, तेच बारावं, सगळे सुटतात. एक मी सोडून.

पण मी जिवंत आहे ना? उद्या जाऊन सांगतो.

३ डिसेंबर, बुधवार

सानिका मॅडमनी ऐकून घेतलं. पण लिहून घेताना पेन दोनदा थांबवला आणि मी काय म्हणालो ते परत विचारलं, जणू मी लांबून बोलत होतो. हरकत नोंदवायची तर ओळख पटवा म्हणाल्या. यंत्रावर अंगठा ठेवला. उमटला नाही. दुसरा ठेवला, मग दहाही बोटं. कोयता मारून मारून लोकांचे ठसे झिजतात, असं होतं कधीकधी, असं त्या म्हणाल्या. मी जन्मात कोयता धरलेला नाही.

परत येताना काशीरामला पाखाडीत गाठलं. मी समोर उभा राहिलो तर तो बाजूने गेला. जाता जाता पुटपुटला, मला नव्हे, स्वतःशीच, "जेवान फुकट जाईत न्हाय."

५ डिसेंबर, शुक्रवार

चिमाने आज माझा चहा ठेवला नाही. कालही ठेवला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन खडसावलं. ती चुलीपाशी होती. मान वर केली नाही. तांदूळ धूत राहिली.

दुपारी भूक अनावर झाली तेव्हा दिसलं. गडग्यावर केळीच्या पानावर भात ठेवलाय. वडा ठेवलाय. माझ्यासाठी नाही असं म्हणत मी तिथे गेलो आणि खाल्लं. उभ्याउभ्याने, दोन्ही हातांनी.

६ डिसेंबर, शनिवार

पळून जायचं ठरवलं. पावणेआठची एसटी थांबली, दोन बायका चढल्या, मी पाय ठेवायच्या आत दार लागलं. नऊची थांबलीच नाही. मी हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा होतो. ड्रायव्हरने स्टिअरिंग वळवलं नाही, मीच उडी मारली.

डोंबिवलीच्या मित्राला फोन केला. तो हॅलो हॅलो म्हणाला, शिवी दिली, ठेवला.

८ डिसेंबर, सोमवार

घरात मला फक्त ती पाहते. झोपाळ्यावरून पाहते. आज मी तिच्या पायांशी बसलो. मी, बसलो. म्हणालो, कबूल करतो, चल मॅडमकडे, सगळं सांगतो. दाखला खोटा. बारावं खोटं. मी खोटा.

तिने झोपाळा पायाने थांबवला. म्हणाली, तुझी मुदत मी ठरवली होती, तू नव्हे. मग म्हणाली की माझा आवाज आता तिलाही नीट येत नाही.

तिच्या डोळ्यांत दया नव्हती. असती तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

वाडीत दारोदार फिरलो. ओरडून सांगितलं, मी खोटं बोललो, ऐका रे — कुत्री भुंकली. माणसं कुत्र्यांवर ओरडली.

लिहून द्यायचं. लिहिलेलं तरी वाचतील. ही वही वाचतील.

१० डिसेंबर

कबुलीजबाब लिहिला. चार पानं. मॅडमच्या टेबलावर समोर ठेवला. त्यांनी त्यावर फाईल ठेवली. फाईलवर दुसरी फाईल.

आरशात मी आहे. अजून आहे. पण पाठीमागची खिडकीही —

११ डिसेंबर, गुरुवार. चावडी. पावणेअकरा

वही घेऊन आलोय. कोपऱ्यात उभा आहे. घडेल तसं लिहितो. हातात काहीतरी पाहिजे.

तहसीलदार साहेब आले. आत्या पहिल्या बाकावर, इस्त्रीची साडी. मागे सगळी वाडी. बारावं जेवलेले छत्तीसच्या छत्तीस. मी मोजले.

हरकत आहे का, असं साहेबांनी विचारलं. आहे म्हणालो. आहे! टेबलावर मूठ आपटली. आवाज नाही —

कुणाचीही हरकत नाही, असं लिहिलं.

आता काशीराम. बारावं कुणाचं जेवलास, असं विचारतायत.  काशीराम, सांग रे, तू तीन वेळा भात घेतलास, मी वाढला तुला, या हाताने —

तो वळला. सरळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत.

म्हणजे दिसतो मी. त्याला दिसतो. इतके दिवस दिसत होतो. सगळेच बघतायत आता, चिमा, मॅडम, सगळ्यांना मी —

त्याने हात जोडले. मेलेल्याला जोडतात तसे. म्हणाला, ह्यांचा.

साहेबांची सही झाली.

पेन धरवत नाही. बोटांतून कागद दिसतोय — मॅडमनी पेन्सिल घेतली. कच्च्या उताऱ्यावर. गेलेल्याच्या नावाला कंस करतात म्हणे — डावा झाला. माझ्या नावाआधी, नाजूक, गोल — थांबा, मॅडम, माझ्याकडे बघताय ना तुम्ही, मग — पेन्सिल नावावरून पुढे — आता उजव्या बा